लेकरू कडेवर आणि गाडी मुंबईची

ज्यांच्या घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे आणि ज्यांना या ना त्या कारणानं मुंबई गाठायची आहे, त्यांच्यासाठी आजचा भाग आहे. कुणाला बहिणीकडं जायचंय, कुणाला भावाच्या लग्नाला. आणि कुणाला परळच्या दवाखान्यात तारीख मिळालीय. मी सेलूतून बोलतेय, म्हणून उदाहरणं सेलूची. पण परतूर, मानवत रोड, जिंतूर, कुठूनही निघालात तरी हिशोब हाच.

हा हिशोब मी एका शब्दात सांगते : सांधे. सेलू ते मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. पण या ५०० किलोमीटरमध्ये लेकराला त्रास होतो तो गाडी चालू असताना नाही. गाडीत ते खेळतं, रडतं, झोपतं. त्रास होतो तो चढताना, उतरताना, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाताना. प्रवास मोडतो तो या सांध्यांवर. म्हणून तयारी करायची ती सांध्यांची.

आपल्या आई-आजीला विचारा. त्या काळी आपल्याकडं मीटरगेज होतं. मनमाडला उतरायचं, सामान उतरवायचं, कडेवर एक, बोटाला एक, आणि मुंबईची मोठी गाडी पकडायची. १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झालं आणि तो सगळ्यात अवघड सांधा गेला. आता सेलूत बसलं की थेट मुंबई. पण बाकीचे सांधे आहेतच.

पहिला सांधा गाडी निवडण्याचा. आपल्याकडून मुंबईला देवगिरी रात्रीची आणि तपोवन दिवसाची. बऱ्याच जणांना वाटतं, लेकरू आहे तर दिवसाची बरी. पण तपोवन मुंबईत पोचते रात्री दहाच्या आसपास. त्या वेळी लेकरू गाढ झोपलेलं, आपण थकलेलो, सामान हातात आणि पुढं अजून लोकल किंवा टॅक्सी. देवगिरी सकाळी पोचते. रात्रीची झोप थोडी मोडते हे खरं, पण मोठ्या शहरात पाय ठेवताना उजेड असतो. माझं मत रात्रीच्या गाडीला. वेळा बदलत असतात, निघायच्या आधी एकदा बघून घ्या.

आता तिकिटाचं. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. बर्थ हवा असेल तर पूर्ण पैसे. पाच ते बाराचं मूल असेल तर बर्थ न घेता अर्धं तिकीट, बर्थ घेतला तर पूर्ण. हा नियम एप्रिल २०१६पासून आहे. तान्हं असेल तर आईजवळ निजतं, प्रश्न नाही. पण चार वर्षांचं, हातपाय पसरून झोपणारं असेल तर त्याचा बर्थ घ्या. रात्रभर बसून काढलेली आई सकाळी मुंबईच्या गर्दीत लेकरू कसं सांभाळणार?

दुसरा सांधा आपल्याच स्टेशनवरचा. सेलूला गाडी थांबते जेमतेम मिनिट-दोन मिनिटं. त्यामुळं आपला डबा कुठं येतो हे आधी विचारून तिथंच उभं राहायचं. डाग मोजके ठेवा. माझा नियम असा, की एका माणसाचे दोन्ही हात मोकळे हवेत, आणि लेकरू त्याच माणसाकडं. दुसऱ्यानं सामान घ्यायचं. सामान इतकंच, जितकं तो एकटा एका खेपेत चढवू शकेल. बाबागाडी घरीच ठेवा, जिन्यांवर ती आणखी एक ओझं होते. पोटाशी बांधायची झोळी सगळ्यात चांगली.

डब्यात लेकराला खालच्या बर्थवर भिंतीकडं निजवायचं, आईनं बाहेरच्या बाजूला. आपल्याकडच्या बाया बर्थला लुगड्याची झोळी बांधतात, तुम्ही पाहिलं असेल. गंमत म्हणजे मे २०२२मध्ये रेल्वेनं लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला छोटा बाळबर्थ बसवून पाहिला. आपल्या बायांनी लुगड्यात सोडवलेला प्रश्न रेल्वेनं लोखंडात सोडवायला घेतला! झोळी बांधायचीच तर खालच्या बर्थपासून हातभर उंचीवर, आणि कुणीतरी जागं पाहिजे. पहाटे इगतपुरीच्या बाजूला थंडी वाजते, तेव्हा खिडकी बंद आणि टोपरं डोक्यावर. मुंबईत उतरलं की मात्र दमट हवा. तिथं स्वेटर काढा, सुती झबलं घाला, नाहीतर घामोळं आलंच म्हणून समजा.

खाण्याचं फार अवघड करू नका. दुधात भिजवलेल्या पिठाच्या मऊ दशम्या, केळी, लाह्या. धपाटे आपल्यासाठी, लेकराला तिखट नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूध पुरतं, वरचं पाणीही लागत नाही. त्यापेक्षा मोठ्याला घरचं उकळलेलं पाणी. ओआरएसची पुडी जवळ ठेवा, पण एक लक्षात घ्या. ज्या पुडीवर एक लिटर लिहिलंय ती पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. पेल्यात अंदाजानं चिमूटभर टाकली तर प्रमाण चुकतं, आणि लहान लेकराला ते बाधू शकतं.

तिसरा सांधा सगळ्यात मोठा : मुंबईत उतरायचं कुठं? ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडं जायचं असेल तर ठाण्याला किंवा कल्याणला उतरा आणि घरच्या कुणालातरी फलाटावरच बोलवा. पण बाकीचे सगळे दादरला उतरायची घाई करतात. लेकरू बरोबर असेल तर माझं ऐका, शेवटपर्यंत, सीएसएमटीपर्यंत बसा. तिथं गाडी संपते, म्हणून उतरायची घाई नाही. सगळे उतरल्यावर सावकाश उतरा. फलाटावरून सरळ चालत बाहेर येता येतं, जिना चढावा लागत नाही. लोकलचे फलाटही त्याच इमारतीत. आणि महत्त्वाचं म्हणजे सकाळी मुंबईची गर्दी येते सीएसएमटीकडं. तिथून उलट दिशेला निघणारी धीमी लोकल तिथूनच सुटते आणि बऱ्यापैकी रिकामी असते. परळ, कुर्ला, घाटकोपर, कुठंही बसून जाता येतं. अंधेरी-बोरिवलीकडं जायचं असेल तर टॅक्सीनं चर्चगेट गाठा, ते जवळ आहे, आणि तिथून सुटणारी लोकल घ्या. थोडं उलटं जाणं होतं, पण दादरच्या पुलावर लेकरू छातीशी धरून रेटारेटी करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. परततानाही तेच. संध्याकाळी गर्दी सीएसएमटीकडून बाहेर जाते, आपण तिच्या उलट, सीएसएमटीकडं जायचं आणि उभ्या गाडीत निवांत चढायचं.

लोकल एका स्टेशनवर वीस-तीस सेकंद थांबते. बायकांच्या डब्यात बारा वर्षांच्या आतला मुलगा आईबरोबर चालतो, पण बाप चालत नाही. म्हणजे इथं कुटुंब दोन डब्यांत वाटलं जातं. म्हणून चढायच्या आधी दोन गोष्टी ठरवा. कोणत्या स्टेशनवर उतरायचं, आणि उतरल्यावर कोणी जागचं हलायचं नाही. आईनं आपल्या डब्यासमोरच थांबायचं, बापानं तिच्याकडं यायचं. फोन आणि थोडे पैसे दोघांकडंही पाहिजेत. एकाच पाकिटात सगळं नको.

आणि लेकरू हरवलं तर? हा विचार नको वाटतो, पण करावा लागतो. सकाळी निघताना त्याच कपड्यांत त्याचा फोटो काढून ठेवा. खिशात चिठ्ठी, चिठ्ठीवर दोघांचे नंबर. रेल्वेसाठी १३९ आणि मुलांसाठी १०९८, हे दोन नंबर पाठ असू द्या. बोलणाऱ्या लेकराला गावाचं नाव शिकवताना नुसतं 'सेलू' शिकवू नका. वर्धा जिल्ह्यातही सेलू आहे. 'परभणीचं सेलू' असं शिकवा.

आता ज्यांना दवाखान्यासाठी जावं लागतं त्यांच्याशी बोलते. त्यांच्यासाठी हा प्रवास एकदाच नसतो, पुन्हा पुन्हा असतो. परळला लहान मुलांचं वाडिया हॉस्पिटल आहे, १९२९पासूनचं. टाटा मेमोरियल १९४१पासूनचं. निघण्याआधी आपल्या अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. २०१३मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मुलांची तपासणी आणि पुढच्या उपचाराची सोय होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेचंही त्यातून होऊ शकतं. दुसरं म्हणजे कर्करोग, थॅलेसेमिया, हृदयशस्त्रक्रिया अशा काही आजारांत रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे भाड्यात मोठी सवलत देते. ठरलेल्या नमुन्याचा दाखला दवाखान्यातून सही-शिक्क्यानिशी आणायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचं. पहिल्याच भेटीत दाखला मागून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेपासून उपयोगी पडतो. टाटाच्या रुग्णांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मोठा आधार आहे. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात त्याबद्दल विचारा. विचारायला लाजू नका. त्या खुर्चीतली माणसं त्यासाठीच बसलेली असतात.

आजारी लेकराच्या आई-बापाची सगळी ताकद डॉक्टरसमोर उभं राहण्यासाठी शिल्लक राहिली पाहिजे. डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐकायचंय, विचारायचंय, लिहून घ्यायचंय. ती ताकद पुलावर, जिन्यावर, चुकीच्या फलाटावर संपून गेली तर मुंबईला जाऊनही काम अर्धंच होतं. म्हणून मी एवढं सांध्यांचं लावून धरलंय.

तुम्ही लेकरं घेऊन असा प्रवास केला असेल, तुमची वेगळी युक्ती असेल तर मला जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात सगळ्यांना सांगेन. आणि हा भाग अशा कुणाला ऐकवा, ज्यांची तारीख जवळ आलीय. भेटू पुढच्या भागात. तोवर जपा, लेकरांना आणि स्वतःलाही. नमस्कार.