हायस्कुलांत गाणें कशाला?
(पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



हायस्कुलांतल्या मुलांना गाणें शिकवावें म्हटलें, कीं आपल्यापैकीं पुष्कळजण विचारतात, "गाण्यानें काय पोट भरतें? गणित शिकवा, इंग्रजी शिकवा." प्रश्न खोटा नाहीं. ज्याला मुलाच्या फीसाठीं शेळी विकावी लागते, त्याला तो विचारण्याचा हक्कच आहे. म्हणून उत्तरहि नीट दिलें पाहिजे.

पहिली गोष्ट, गाणें ही कोणा एका जातीची मिरास नव्हे. जात्यावरच्या ओव्या कोणीं रचल्या? शाळेचें तोंडहि न पाहिलेल्या आपल्या आयाबहिणींनीं. गी पॉइटवाँ, हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या काळांत खेडोपाडीं फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

वाद्यांचें पाहा. मिरजेचे तंबोरे देशभर जातात. ते घडविणारीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं, हत्यारांना धार लावणारीं. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर भागांतला शेतकरी पिकवितो. २०२४ सालीं या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे भोपळा आपला, हात आपला, आणि बैठकींत आपला मुलगा मात्र सतरंज्या उचलणारा! हें कुठवर चालूं द्यायचें?

दुसरी गोष्ट, नुसतें गायला शिकवून भागत नाहीं. रचायलाहि शिकविलें पाहिजे. जो दुसऱ्याचेंच पाठ करून गातो, तो दुसऱ्याचाच विचार गात राहतो. सावित्रीबाईंचीं 'काव्यफुलें' १८५४ सालीं निघालीं. जोतीरावांनीं १८६९ सालीं शिवाजीराजांचा पोवाडा स्वतः रचला, पुढें अखंड लिहिले. सत्यशोधक जलशांनीं तमाशाचाच साचा घेतला आणि त्यांत नवा विचार भरला. ज्याला अक्षर येत नव्हतें, त्याला तो कानांनीं कळला. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाहीं. तरी त्यांचे पोवाडे कामगारांच्या तोंडीं बसले.

कोणी म्हणेल, रचना ही देवाची देणगी, ती शिकवितां येत नाहीं. सुतार असें म्हणतो काय, कीं रंधा जन्मतःच चालवितां यावा लागतो? अभंगाचें माप घ्या. मोठ्या अभंगांत पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरें, चौथ्यांत चार. जोडाक्षर एकच धरावें. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचें यमक जुळवावें. जसें:

विहीर आटली । घागर रिकामी ।
कोण येई कामी । सांगा आतां ॥

मोजून पाहा. आठवीचें पोर हें बोटांवर करील.

शिकविण्याचा क्रम असा असावा. आठवींत टाळीवर आठ मात्रांचा भजनी ठेका पक्का करावा आणि प्रत्येकानें घरच्या म्हातारीकडून एक ओवी ऐकून वर्गांत म्हणावी. नववींत भूपाचे पांच सूर, सा रे ग प ध, ओळखून त्यांत आपल्या कडव्याला चाल लावावी. दहावींत चौघांचौघांनीं गांवच्या पाण्यावर, कर्जावर, दारूवर पोवाडा रचावा आणि तो ग्रामसभेपुढें म्हणावा. डफ, तुणतुणें, टाळ एवढें सामान पुरे. भजनी मंडळाचे बुवा व शाहीर यांना शाळेनें मानधन देऊन बोलवावें. फुकट राबवूं नये.

एक बजावून सांगतों. हलगी एकाच जातीच्या पोराच्या गळ्यांत अडकवूं नका. ती सर्वांनीं वाजवावी, आणि पेटीहि सर्वांनीं वाजवावी. मुलींना मागें बसवूं नका; ओवी त्यांच्याच घराण्याची आहे.

आतां पोटाचा प्रश्न. गाण्यानें भाकरी मिळेल असें मी म्हणत नाहीं. पण जें पोर स्वतः रचलेलें चारचौघांपुढें ताठ मानेनें म्हणतें, तें उद्यां कचेरींत साहेबापुढें आणि बाजारांत अडत्यापुढें मुकें उभें राहत नाहीं. भाकरी हिसकावली जाते ती बहुधा मुक्याचीच.

तेव्हां शाळेच्या पुढच्या सभेंत हेडमास्तरांना एवढेंच विचारा: वेळापत्रकांत गाण्याचा तास आहे काय? असल्यास तो खरोखर होतो, कीं परीक्षा जवळ आली कीं दुसऱ्या विषयाला जातो? उत्तर मिळेपर्यंत उठूं नका.