शिकलेल्या हाताला सुई जड का व्हावी?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्त्या आणि उच्च शिक्षण अशा मोठ्या विषयांवर विचार मांडले. माझा विषय फार लहान आहे. शर्टाचे तुटलेले बटण, पिशवीची उसवलेली शिवण, टपटपणारा नळ आणि कुरकुरणारे दार यांविषयी मी बोलणार आहे. यात भाषण करण्यासारखे काय आहे, असे तुम्हाला वाटेल. पण या लहान गोष्टींच्या मागे आपल्या समाजाचा एक मोठा प्रश्न उभा आहे.

वर्गात हजेरी घेताना मी नावे वाचतो. शिकलगार, नदाफ, मोमीन, अत्तार, तांबोळी, बागवान, मणेर. पालकहो, ही नुसती आडनावे नाहीत, ती हुनरांची यादी आहे. शिकलगार शस्त्रांना धार लावत. नदाफ, म्हणजे पिंजारी, कापूस पिंजून गाद्या-रजया भरत. मोमीन कापड विणत. सातारा-सांगलीकडच्या गावांत असे एखादे तरी घर असे आणि गावाचे त्याच्यावाचून अडत असे. आज त्याच घरातला मुलगा "वडील काय करतात?" या प्रश्नाला खाली मान घालून उत्तर देतो. मान खाली घालावी असे त्यात काय आहे?

आपल्याकडे आज तीन प्रकारची मुले दिसतात. पहिला मुलगा आठवी-नववीतून शाळा सोडतो आणि गॅरेजमध्ये किंवा शिंप्याच्या दुकानात बसतो. त्याच्या हाताला हुनर मिळतो, इल्म मात्र अर्धवट राहतो. दुसरा मुलगा पदवीधर होतो, पण शर्टाचे बटण लावायला आईला हाक मारतो. तिसरी आहे मुलगी. दहावी झाली की, "आता पुढे शिकून काय करायचे? शिवणक्लास लावू," असे म्हणून तिचे दप्तर माळ्यावर टाकले जाते. तिघांच्या कहाण्या वेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे. आपण इल्म आणि हुनर यांची फारकत करून टाकली आहे. ज्याला एक मिळाले त्याने दुसरे सोडायचे, असा जणू नियमच केला आहे.

हा नियम आपल्या धर्माने केलेला नाही. हजरत मुहंमद पैगंबर (स.) घरात काय करीत असत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले. ते आपले कपडे शिवत, आपली पादत्राणे दुरुस्त करीत आणि घरच्या कामाला हात लावीत, असे त्यांनी सांगितले. ही हदीस आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली आहे. ऐकून आपण माना डोलावतो आणि घरी येऊन "हे बायकांचे काम" म्हणतो. जे काम खुद्द पैगंबरसाहेबांना हलके वाटले नाही, ते आपल्या मुलांना हलके का वाटावे?

आता जवळचे उदाहरण पाहू. मिरजेच्या तंबोऱ्यांचे आणि सतारींचे नाव सर्वत्र आहे. ही कला उभी केली ती शिकलगार घराण्यांनी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी संपत आली आणि धार लावणाऱ्या हातांचे काम गेले. त्या वेळी फरीदसाहेब यांच्यासारखे कारागीर वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्ती करता करता स्वतः वाद्ये घडवू लागले, असे मिरजेत सांगितले जाते. वाद्य दुरुस्त करायचे तर आधी ते उकलावे लागते. कोणता भाग काय काम करतो, हे समजून घ्यावे लागते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या कलेची सुरुवात दुरुस्तीतून झाली, ती आज गावाची ओळख झाली आहे.

साताऱ्याची भूमी तर कर्मवीर भाऊराव पाटलांची. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि स्वतःची कामे स्वतः करीत. "कमवा आणि शिका" या योजनेतून कितीतरी गरिबांची मुले पदवीपर्यंत पोहोचली. श्रम हा शिक्षणातला अडथळा आहे असे कर्मवीरांना कधी वाटले नाही. त्यांनी श्रमालाच शिक्षणाचे भांडवल केले.

आणखी एक नाव आपण अभिमानाने घेतले पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना तयार करण्यासाठी तेथे एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. मुलाने काम करताना विचार करावा आणि विचार करताना काम करावे, हा त्या योजनेचा गाभा होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, असे म्हटले आहे.

मित्रांनो, थोर माणसांची नावे घेऊन थांबलो तर माझे भाषण कोरडेच राहील. म्हणून आज घरी जाऊन करता येईल असे काही सांगतो.

घरातली जुनी चादर घ्या. चादर बहुधा मध्ये विरते, कडेचे कापड धड असते. त्या धड भागातून पंधरा इंच रुंद आणि पस्तीस इंच लांब तुकडा कापा. दोन्ही आखूड कडा दीड-दीड इंच दुमडून हेम घाला. मग सुलट बाजू आत ठेवून कापड मधोमध दुमडा आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच आत शिवण घाला. ही शिवण साध्या धावदोऱ्याने घालू नका. धावदोरा एका ठिकाणी तुटला की सरसर निघत जातो. प्रत्येक टाक्याला थोडे मागे येऊन पुढे जाणारी उलटी टीप घाला. ती ओझे धरते. चार इंच रुंद आणि बावीस इंच लांब अशा दोन पट्ट्या चौपदरी दुमडून, शिवून घ्या. त्यांची टोके तोंडाशी चौकोनी शिवणीने पक्की करा आणि चौकोनात फुली मारा. पिशवी उलटवली की चौदा इंच रुंद व सोळा इंच खोल अशी बाजाराची पिशवी तयार.

आता वही काढा आणि हिशेब करा. पंधरा इंच कापडाची पिशवी चौदा इंचच का झाली? पस्तीसचे सोळा कसे झाले? जे गणित फळ्यावर कंटाळवाणे वाटते ते कापडावर लगेच कळते. शिवणीसाठी जे जादा कापड ठेवतात त्याला आपल्या भाषेत 'माया' म्हणतात. किती चांगला शब्द आहे! माया न ठेवता कापलेले कापड शिवणीत पुरत नाही, हे शिंप्याच्या घरातल्या पोराला पुस्तकाआधी कळलेले असते.

आपल्या आज्या-नान्या जुनी लुगडी आणि लुंग्या एकावर एक अंथरून वाकळ शिवत. कडेपासून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळी जात. कापडाचे थर सरकू नयेत, सगळ्या वाकळेला सारखा ताण बसावा, म्हणून टाके जवळजवळ घालत. फेकून देण्याजोग्या चिंध्यांतून साऱ्या घराची ऊब तयार होई. ही विद्या त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. या सुट्टीत आजीजवळ बसून एक दुपटे तरी शिवा.

आता नळाकडे येऊ. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब सांडतो. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला तर हे पाणी सव्वाचार लिटरहून जास्त होते. महिन्याचे जवळजवळ १३० लिटर. माण, खटाव, जत, आटपाडीच्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. पुष्कळदा दोष फक्त झिजलेल्या वायसरचा असतो. मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्या, पान्ह्याने वरचा भाग खोला, जुना वायसर काढून त्याच मापाचा नवा बसवा. पहिल्या वेळी वडीलधाऱ्यांना शेजारी उभे करा. कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेलाचे दोन थेंब पुरतात.

कृष्णाकाठच्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर भिंती ओल्या असतानाच रंग काढण्याची घाई पुष्कळांना झाली असेल. ओल्या भिंतीवर तेलरंग लावला की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. आधी खपल्या खरवडा, दारे-खिडक्या उघडून भिंत नीट वाळू द्या, मगच रंगाला हात लावा. विजेच्या कामाला मात्र मुलांनी हात लावू नये. ते काम जाणकाराकडेच द्यावे. आपल्याला काय येत नाही हे ओळखणे, हाही हुनराचाच भाग आहे.

पालकहो, आता तुमच्याशी स्पष्ट बोलतो. मुलीला शिवण जरूर शिकवा, पण शिवणयंत्र हे कॉलेजच्या फॉर्मला पर्याय नव्हे. मशीन घरात असू द्या आणि पुस्तकही टेबलावर असू द्या. ज्या मुलीला दोन्ही येते तिच्यावर कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येणार नाही. आणि बहिणीला जे शिकवता ते भावालाही शिकवा. उद्या तो शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहील, तेव्हा त्याचे बटण कोण लावणार आहे?

ज्यांची मुले शाळा सोडून कामाला लागली आहेत, त्यांनाही विनंती. त्या मुलाचा हुनर वाया गेलेला नाही, फक्त त्याला इल्माची जोड द्या. बाहेरून दहावीला बसवा, आय.टी.आय.ची चौकशी करा. आम्ही शिक्षक अर्ज भरण्यापासून मदत करू. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावायचे, असे आपण म्हणतो. पण आभाळ अजून फाटलेले नाही. शिवण थोडी उसवली आहे एवढेच, आणि ती आपल्याच हाताने घालता येईल.

विद्यार्थी मित्रांनो, रिकामा डबा शोधा. त्यात सुया, काळा-पांढरा दोरा, बटणे, कात्री, टेप, पकड, स्क्रूड्रायव्हर आणि दोन-तीन वायसर ठेवा. महिनाभर घरात जे मोडेल, उसवेल ते आधी तुम्ही पाहा. जमले तर करा, नाही जमले तर करणाऱ्याजवळ उभे राहून शिका. आणि उद्या हजेरीत तुमचे आडनाव पुकारले गेले की मान वर करून "हजर" म्हणा.