सुनावणी झाली, पण कशाची?

आज जैतापूरबद्दल बोलू. १६ मे २०१० ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या माडबनला अणुप्रकल्पाची जनसुनावणी झाली. घेतली कुणी? प्रदूषण नियंत्रण मंडळाने, पर्यावरणाच्या २००६ च्या नियमाखाली. त्यात मराठीत द्यावा लागतो तो फक्त अहवालाचा सारांश. म्हणजे मच्छीमाराने आक्षेप घ्यायचा तो सारांश वाचून!

आणि अणुभट्टी सुरक्षित आहे का, हे बघणार अणुऊर्जा नियामक मंडळ. तिकडे अशी जनसुनावणीच नव्हती. शिवाय १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झालेलं हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं, आणि आयोगाचा अध्यक्ष कोण, तर अणुऊर्जा खात्याचाच सचिव. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, टेस्टरचा बॉस म्हणजे ज्याला रिलीजची घाई आहे तोच. २०१२ मध्ये कॅगनेही मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं.

माझा अणुऊर्जेला विरोध नाही, वीज हवीच. पण लोकांची भीती घालवायची तर कागद दाखवा ना! हे मंडळ माहिती अधिकारात येतं. आपल्याकडे अर्ज मराठीतही चालतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. जैतापूरच्या जागेची सुरक्षा तपासणी कुठवर आली, एवढं विचारून तर बघा.