निनाद मांडवगणे आणि हेलिकॉप्टरवाल्यांचं शौर्य

(प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर संस्थेच्या आवारात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, संस्थेचं पंचविसावं वर्ष आहे, तुम्ही हवाई दलात होता, शौर्यावर दहा मिनिटं बोला." मी हेलिकॉप्टरच्या देखभालीत होतो, म्हणजे हाताला ग्रीस लागलेला माणूस. तेव्हा हेलिकॉप्टरवाल्यांबद्दलच बोलतो.

२७ फेब्रुवारी २०१९ ला काय झालं, असं विचारलं तर इथली मोठी मुलं लगेच सांगतील, अभिनंदन! बरोबर आहे. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानी विमानं आली, आपली विमानं भिडली, अभिनंदन वर्धमान पलीकडे पकडले गेले. पण त्याच सकाळी दहाच्या सुमारास श्रीनगरहून उडालेलं एक मि-१७ हेलिकॉप्टर काही मिनिटांत बडगाम जिल्ह्यात कोसळलं. आतले हवाई दलाचे सहाही जण गेले. खाली गावातला एक रहिवासीही गेला. टीव्हीवर ही बातमी खालच्या पट्टीत सरकत होती.

त्यातले एक वैमानिक आपल्या नाशिकचे, स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे. भोसला मिलिटरी स्कूलचा विद्यार्थी. वय अवघं ३३.

मि-१७ हे लढाऊ विमानासारखं दिमाखदार यंत्र नाही. मालवाहू ट्रक, एसटी आणि ॲम्ब्युलन्स, तिन्ही कामं त्याच्याकडे. पूर आला, बर्फात माणसं अडकली, चौकीवर जवान आजारी पडला, की यालाच बोलावतात. छपरावरच्या माणसाला दोरीने वर घ्यायचं तर यंत्र हवेत एका जागी धरून ठेवावं लागतं. उजव्या हातात एक दांडा, डाव्या हातात दुसरा, दोन्ही पाय पेडलवर, आणि चौघांची हालचाल सतत. आपल्या पोटाखाली काय चाललंय ते वैमानिकाला दिसत नाही. दारात ओणवा झालेला सहकारी सांगतो, थोडं पुढे, थोडं डावीकडे, थांब. त्याच्या शब्दावर सगळं चालतं. डोंगरात हवा विरळ, त्यामुळे पंख्याला पकड कमी मिळते. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. २०१३ च्या प्रलयात तिथे बचावकार्य करून परतताना २५ जूनला गौरीकुंडजवळ मि-१७ पडलं, वीस जण गेले. त्याचे कॅप्टन विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो आपल्या मुंबईचे. आणि बडगामला निनादबरोबर असलेले स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ २०१८ च्या केरळच्या पुरात लोकांना बाहेर काढत होते.

मघाशी एका मुलाने विचारलं, "आजोबा, मग त्यांनी इजेक्ट का नाही केलं?" बाळा, या हेलिकॉप्टरला इजेक्शन सीटच नसते. आणि असती तरी मागे बसलेल्यांचं काय? फायटरचा वैमानिक विमान सोडू शकतो. हेलिकॉप्टरवाला मागच्या माणसांबरोबरच उतरतो, कसंही उतरो.

आता अवघड गोष्ट. हे हेलिकॉप्टर शत्रूने पाडलं नाही. श्रीनगर तळावरून सुटलेलं आपलंच क्षेपणास्त्र त्याला लागलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, असं जाहीरपणे मान्य केलं. समारंभात हे कशाला, असं काहींना वाटेल. मला वाटतं, इथेच बोलावं. त्या सकाळी आकाशात दोन्ही बाजूंची लढाऊ विमानं होती. हेलिकॉप्टरचा वेग ताशी जेमतेम अडीचशे किलोमीटर, म्हणजे पळ काढायचीही सोय नाही. तरी ते सहा जण आत बसले आणि दार लावून घेतलं. शौर्य तिथे झालं. नंतर क्षेपणास्त्र कोणाचं निघालं, त्याने ते कमी होत नाही. आणि चूक झाकल्याने ते वाढतही नाही.

१ मार्चला निनादवर नाशिकला अंत्यसंस्कार झाले. त्याच रात्री अभिनंदन वाघा सीमेवरून परत आले आणि देशभर फटाके वाजले. दोन्ही खरं होतं, पण नाशिकच्या त्या घरात काय वाटलं असेल, याचा विचार करा. त्याच दिवसांत निनादची पत्नी विजेता यांनी सोशल मीडियावर युद्ध मागणाऱ्यांना थांबायला सांगितलं. एवढा जोश असेल तर सैन्यात भरती व्हा, असं त्या म्हणाल्या. ज्या बाईचं सगळं गेलं होतं, ती हे म्हणत होती! तेव्हा आपल्या ए विंग, बी विंगच्या ग्रुपवर काय काय फिरत होतं, ते आठवून बघा. मी कोणाचं नाव घेत नाही, पाणी कधी येणार याच्यापेक्षा जास्त मेसेज युद्धाचे होते.

ज्यांना खरंच जायचंय त्या मुलामुलींनी माझ्याकडे यावं. रविवारी सकाळी मी क्लब हाऊसमध्ये असतो. एनडीएची परीक्षा, एअरमनची भरती, जे मला माहीत आहे ते सांगेन. गणित मात्र घरून पक्कं करून या.

आता सहा नावं घेतो. निनाद मांडवगणे. सिद्धार्थ वशिष्ठ. विशाल कुमार पांडे. विक्रांत सहरावत. दीपक पांडे. पंकज कुमार. आणि त्यांच्याबरोबर गेलेला बडगामचा तो गावकरी.

दोन मिनिटं उभे राहू या. खुर्च्यांचा आवाज करू नका.