रंगकामानंतर ब्रश आणि रोलर

घराचे रंगकाम आटोपल्यावर ब्रश आणि रोलर कशाने धुवायचे, हे त्यांना लागलेल्या रंगावर अवलंबून असते. रंग ज्याने पातळ केला, त्यानेच तो ओला असताना निघतो. डिस्टेंपर आणि इमल्शन पाण्याने, ऑइल पेंट टर्पेंटाइनने आणि लाखेचे फ्रेंच पॉलिश स्पिरिटने.

ओला असताना, ही अट महत्त्वाची. इमल्शनमध्ये राळेचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. ऑइल पेंट हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. मग टर्पेंटाइनचेही काही चालत नाही. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कडक बनतो. लाखेचे पॉलिश मात्र वाळल्यावरही स्पिरिटमध्ये सुटते.

धुण्याआधी ब्रश डब्याच्या काठावर निपटून घ्यावा आणि उरलेला रंग रद्दी कागदावर ओढून काढावा. केस जिथे पत्र्याच्या पट्टीत शिरतात, तिथे रंग सर्वांत जास्त दडून बसतो. तो तिथे वाळला की केस फाकतात आणि पुढच्या वेळी कड सरळ ओढता येत नाही. म्हणून केस बोटांनी मुळापासून टोकाकडे चोळावेत, जुन्या कंगव्याने विंचरावेत.

नळ सोडून ठेवण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्यात तीनदा धुणे फायद्याचे. पिळल्यावर ब्रशमध्ये 50 मिलिलिटर रंगाचे पाणी उरते आणि दर वेळी 450 मिलिलिटर स्वच्छ पाणी घेतले, असे धरू. प्रत्येक धुण्याला रंग एक दशांशावर येतो. तिसऱ्या धुण्यानंतर हजारांश उरतो. तेवढेच, म्हणजे 1350 मिलिलिटर पाणी एकदम वापरले, तर अठ्ठाविसावा भाग उरतो. शेवटचा हात साबणाच्या पाण्याचा.

रोलरची लव रंग पुष्कळ पिते. पुट्टीच्या पात्याने वरून खाली दाबत रंग आधी डब्यात परत घ्यावा. मग कव्हर दांड्यावरून उतरवून, बादलीत दाबून आणि पिळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. रंगाच्या दोन हातांच्या मधल्या वेळात धुण्याची गरज नसते. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा न राहील असे गुंडाळले तरी रंग काही तास ओला राहतो.

वापरलेले टर्पेंटाइन फेकू नये. झाकणाच्या बरणीत ठेवले की रंगाचा गाळ तळाशी बसतो आणि वरचे नितळ द्रव पुढच्या धुण्याला चालते. हे काम चुलीपासून, गॅसपासून लांब आणि खिडक्या उघड्या ठेवून करावे. जवसाच्या तेलाचे बोळे ढिगाने टाकले तर आपोआप तापून पेटू शकतात. ते पाण्यात भिजवून ठेवावेत किंवा उघड्यावर पसरून वाळवावेत.

कोल्हापूरजवळच्या कळंब्यात या धुण्याच्या पाण्याचा विचार अधिक करावा लागतो. कळंबा तलाव हा कोल्हापूर शहराचा जुना पाणीसाठा, आणि तो कात्यायनीकडच्या डोंगरउतारावरून येणाऱ्या पाण्यावर भरतो. रंगाचे पाणी उघड्या गटारात, ओढ्यात किंवा तलावाच्या काठी ओतू नये. इमल्शनचे पाणी बादलीत रात्रभर निवळू द्यावे, वरचे सांडपाण्याच्या मोरीत सोडावे आणि खालचा साका रद्दीवर वाळवून कचऱ्यात द्यावा. टर्पेंटाइनचा गाळही मोरीत न ओतता घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा.

धुतलेला ब्रश झटकून, केस बोटांनी सरळ करून, कागदात गुंडाळून आडवा ठेवावा किंवा केस खाली करून टांगावा. केस वर करून ठेवला तर पाणी पट्टीत उतरते, लाकडी मूठ फुगते आणि पट्टी सैल होते. रोलरचे कव्हर उभे ठेवावे. आडवे ठेवल्यास लव एका बाजूने दबते. कोल्हापुरी पावसाळ्यात ते पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नये, नाहीतर त्याला बुरशी येते.