पत्ता ओळखणारा रेणू



कठीण विषय सोप्या मराठीत सांगणे हे शिक्षकाचे व्रत. ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांना स्मरून मी आज कर्करोगावरील पेप्टाइड-उपचारांविषयी बोलणार आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. १९७३ साली उजेडात आलेले सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक अवघ्या १४ अमिनो आम्लांचे; पण रक्तात ते काही मिनिटांतच नष्ट होते. म्हणून शास्त्रज्ञांनी ८ अमिनो आम्लांची टिकाऊ प्रतिकृती घडविली. स्वादुपिंड, आतडी इत्यादी ठिकाणच्या ‘न्यूरोएन्डोक्राइन’ गाठींपैकी पुष्कळांच्या पेशींवर या संप्रेरकाचे ग्राही दाटीने असतात. तेथे ही प्रतिकृती जाऊन चिकटते. अशा पेप्टाइडला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडले, की किरणांचा मारा मुख्यतः गाठीवरच होतो. पेप्टाइड हा पाकिटावरील पत्ता, किरण हा आतील मजकूर.

हे ल्युटेशियम तुर्भे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होते आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्याने उपचार होतात. आतड्याच्या मध्यभागातून उद्भवलेल्या व पसरलेल्या गाठींच्या २२९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. वीस महिन्यांनंतर रोग न बळावलेल्यांचे प्रमाण या उपचाराने सुमारे ६५ टक्के, तर केवळ ऑक्ट्रिओटाइडची वाढीव मात्रा घेणाऱ्यांत सुमारे ११ टक्के होते. तथापि रोग थोपविणे म्हणजे तो समूळ बरा करणे नव्हे.

येथेच सावध राहावयास हवे. पत्ता नसेल, तर पत्र पोहोचणार कोठे? म्हणून आधी स्कॅन करून गाठीवर ग्राही आहेत की नाहीत, हे पाहतात. आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या मुखाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांवर हा रूढ उपचार नव्हे. तेथे वेळेवर केलेली शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हाच राजमार्ग. ‘पेप्टाइड’ या नव्या शब्दाला भुलून कोणी शेत गहाण टाकू नये.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील माणूस मुंबईची गाडी धरतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. किदवई संस्थेचे केंद्र कलबुर्गीतच आहे. तोंडातील न भरणारी जखम तीन आठवडे टिकली, तर प्रथम तपासणी करा, तुकडा तपासून घ्या, निदान लेखी मागा. औषधाला पत्ता लागतो. तसा रुग्णालाही वेळीच योग्य दाराचा पत्ता सांगणारा कोणी लागतो. या शाळेच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या गावात ते काम करावे, एवढीच विनंती.