बुद्धिवर्धनाचा बाजार : पारख आणि दाद



मुंबई उपनगर जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण आयोग वांद्रे पूर्वेस आहे. सदोष वस्तू वा सेवा पदरी पडलेल्या ग्राहकास तेथे दाद मागता येते. परंतु मुलाची बुद्धी वाढावी म्हणून भरलेली फी वाया गेली, तर पालक अनेकदा दोष मुलालाच देतात. पैसा जातो तो जातोच, शिवाय मुलाचा आत्मविश्वासही खचतो. म्हणून फी भरण्यापूर्वीच पारख करणे अगत्याचे आहे.

पहिली कसोटी दाव्याची. संगणकावरील स्मरणशक्तीच्या खेळांचा सराव केल्यास त्या खेळांत प्रावीण्य येते. परंतु ते अन्य बौद्धिक कामांत उतरते काय? 2010 साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 11,430 व्यक्तींनी सहा आठवडे असा सराव केला. सरावाच्या खेळांत त्यांची प्रगती झाली, परंतु इतर चाचण्यांत त्या सरावाचा लाभ आढळला नाही. 2016 साली अमेरिकेतील ‘ल्युमॉसिटी’ या कार्यक्रमाच्या चालकांवर निराधार दाव्यांचा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला आणि 20 लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले. आपल्याकडे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाने डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन करून दाखविले गेले. त्यात पट्टीखाली नाकाजवळ राहणारी फटच कामी येते.

दुसरी कसोटी कागदपत्रांची. सर्वच ऑनलाइन अभ्यासक्रम फसवे नसतात. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ व्यासपीठावरील पाठ विनामूल्य आहेत. ऑनलाइन पदवी मिळेल असे कोणी सांगितल्यास त्या संस्थेचे व अभ्यासक्रमाचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत पाहावे. फी परत मिळण्याच्या अटी लेखी घ्याव्यात. ‘सुलभ हप्ते’ म्हणून पुढे केलेला कागद कर्जाचा करार तर नाही ना, हे सही करण्यापूर्वी वाचावे. कर्ज असल्यास वर्ग सोडला तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत.

तिसरी गोष्ट दाद मागण्याची. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय दूरच्या शहरी असले तरी अडचण नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रार शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. जाहिरात, पावती व संदेश मात्र जपून ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये शिकवणी संस्थांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. यशाची खोटी हमी देण्यास त्यांनी मनाई केली आहे.

शाळेत वा ग्रामपंचायतीच्या सभागृहात असा वर्ग भरविण्यास परवानगी मिळाली की, पालकांना ती शासनाची शिफारस वाटते. म्हणून परवानगी देण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी, सरपंचांनी व अधिकाऱ्यांनी एवढेच विचारावे : कोणता लाभ होतो, तो कोणी मोजला आणि न झाल्यास पैसे परत मिळतील काय? ज्याच्यापाशी लेखी उत्तर नाही, त्यास सभागृहाची किल्ली देऊ नये.